चिलट कीं डांस ?

(एक सेवानिवृत्त शिक्षक, आष्टी, जि. वर्धा)

संस्कृत ग्रंथांत लहान उडत्या कीटकांचा उल्लेख येतो, तो बहुधा त्यांच्या उपद्रवामुळें. अमरकोशांत दंश म्हणजे वनमक्षिका असें सांगितलें आहे. मनुस्मृतींत दंश व मशक यांची गणना स्वेदज जीवांत केलेली आहे. सुश्रुतानें तर मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय असे पांच प्रकार मोजले. परंतु तेही कल्पस्थानांत, म्हणजे जेथें विषांचा विचार चालला आहे तेथें. चावतो तो ध्यानांत राहतो आणि त्याला नांव मिळतें, हा मनुष्यस्वभावच आहे.

मराठीनें मात्र एक शब्द अधिक राखला आहे, तो म्हणजे चिलट. पण या एका शब्दाखालीं आपण किती निरनिराळे जीव कोंबले आहेत, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतें तें चिलट. वाटेनें जातांना डोळ्यांपुढें नाचतें तें चिलट. आणि पावसाळा सरतां सरतां दिव्याखालीं ढीग होऊन पडतें, तेंही चिलटच. प्रस्तुत लेखाचा विषय हें तिसरें चिलट होय. दिसावयास तें डांसासारखें असतें. परंतु चावण्याचें साधनच त्याला नाहीं. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि व त्यांतच कॅमेरा असतो. त्यामुळें भिंतीवर कांहीं बसलेलें दिसलें कीं लोक त्याचें छायाचित्र घेतात आणि जाणत्या माणसास विचारतात, “हा डांस कीं चिलट?” या प्रश्नाचें उत्तर छायाचित्रावरून कितपत देतां येतें, आणि कोठें थांबावें लागतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण घरांत लहान मुलें असलीं, तर तो क्षुल्लक नाहीं.

पुण्याचे स्तंभ

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत पुण्यास मुळा-मुठा नदीवर, केशवनगर, मुंढवा व खराडी या बाजूस, आकाशांत धुरासारखे काळपट स्तंभ गरगरतांना लोकांनीं पाहिले. ते स्तंभ असंख्य कीटकांचे होते. त्यांच्या चित्रफिती दोन दिवसांत देशभर फिरल्या आणि वर्तमानपत्रांनीं त्यांस ‘डांसांचें वादळ’ असें नांव दिलें. नागरिक भ्याले, आणि तें स्वाभाविकच होतें. नदींत जलपर्णी माजलेली, पाणी घाण. मग डांस नाहींत तर दुसरें काय असणार, असा त्यांचा तर्क. परंतु कीटकांचे जाणकार पुढें आले व त्यांनीं सांगितलें कीं, असे उंच स्तंभ रचणें हें न चावणाऱ्या चिलटांचें लक्षण आहे.

माझा एक भाचा त्याच भागांत राहतो. त्यानें ती चित्रफीत मजकडे पाठवून विचारलें, “मामा, इतके डांस एके ठिकाणीं कसे जमले?” मीं त्यास उलट विचारलें, “अरे, त्यांपैकीं तुला चावले किती?” त्याचें उत्तर आलें, “मामा, खिडकी उघडी राहिली होती, अंगावर पुष्कळ बसले. पण चावला एकही नाहीं.”

एवढ्यावरून निर्णय देणें मात्र घाईचें झालें असतें. कारण डांसांतही नर चावत नाहींत. रक्त पितात त्या केवळ माद्या. शिवाय तिन्हीसांजेला हवेंत थवा करून नाचणारे असतात तेही नरच, मग ते डांसांचे असोत वा चिलटांचे. मादी त्या थव्यांत शिरते आणि तिच्या पंखांचा नाद ऐकून नर तिला ओळखतात. न चावणें हा पहिला पुरावा झाला, शेवटचा नव्हे. शेवटचा पुरावा कीटकाच्या शरीरावर लिहिलेला असतो, आणि तो छायाचित्रांत वाचतां येतो.

हस्ताभिनय करणारें कुळ

चिलटांच्या या कुळास शास्त्रज्ञ कायरोनोमिडी असें म्हणतात. ज्या कायरोनोमस वंशावरून हें नांव पडलें, त्याला तें नांव जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेन यानें १८०३ सालीं दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हातांनीं अभिनय करणारा, आपल्या नाट्यशास्त्राच्या भाषेंत हस्ताभिनय करणारा, असा आहे. हें चिलट बसलें असतां पुढचे दोन पाय वर उचलून हवेंत धरतें, जणूं कांहीं मुद्राच दाखवीत आहे. नांव ठेवणाराची दृष्टि किती सूक्ष्म होती, हें यावरून दिसेल. आणि ओळखीची पहिली खूणही याच नांवांत दडलेली आहे.

या कुळांतील सात हजारांहून अधिक जातींचें वर्णन आजवर झालें आहे. त्यांतील पंख नसलेली एक जात अंटार्क्टिक खंडाच्या हिमप्रदेशांत राहते. आफ्रिकेंतील एका जातीची अळी खडकावरचें डबकें आटलें कीं स्वतः वाळून काडीसारखी होते, आणि पाऊस पडून पाणी मिळालें म्हणजे पुन्हा हालचाल करूं लागते.

आपल्याकडील सामान्य चिलटाचा जन्मक्रम असा. मादी पाण्यांत बुळबुळीत आवरणांत गुंडाळलेलीं अंडीं घालते. अंड्यांतून निघालेली अळी तळच्या चिखलांत शिरून मातीची व लाळेच्या धाग्यांची बारीक नळी करून राहते. कित्येक जातींच्या अळ्या रक्तासारख्या लाल असतात. घरीं शोभेचे मासे पाळणारांस त्या परिचित आहेत. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनाचा, म्हणजे आपल्या रक्तांतील लाल द्रव्याच्याच जातीच्या द्रव्याचा असतो. त्यामुळें जेथें प्राणवायु अत्यंत थोडा, अशा गाळांतही ती अळी तग धरते. पुढें कोश होतो, तो पाण्याच्या पृष्ठभागीं येतो व त्यांतून पंखवालें चिलट बाहेर पडतें. हें पंखांचें आयुष्य बहुधा थोड्याच दिवसांचें. त्यांत खाणें जवळ जवळ नाहींच. फार तर फुलांतील मधासारखा गोड रस. थवा, विवाह, अंडीं आणि मरण, इतकाच तो संसार.

चार खुणा

आतां छायाचित्र हातीं आलें असतां काय पाहावें, तें क्रमानें सांगतों.

पहिली खूण सोंडेची. डांसाच्या डोक्यापुढें सुईसारखी लांब सोंड स्पष्ट दिसते. नराला चावतां येत नसलें तरी सोंड त्यालाही असते. चिलटाला ती नसते. बाजूनें घेतलेल्या छायाचित्रांत एवढी एक गोष्ट दिसली, तरी निम्मा प्रश्न सुटला.

दुसरी खूण पायांची. बसलेलें चिलट पुष्कळदां पुढचे पाय उचलतें, तर क्यूलेक्स जातीचा आपला नेहमींचा डांस मागचे पाय उचलून वांकवितो. मलेरिया पसरविणारा ॲनाफिलीस डोकें खालीं व शेपूट वर करून तिरका बसतो. सगळींच चिलटें नेमानें हा अभिनय करतात असें मात्र नाहीं. म्हणून या खुणेवर एकटीवर भिस्त ठेवूं नये.

तिसरी खूण पंखांची. डांसाच्या पंखांच्या शिरांवर व कांठावर बारीक खवले असतात. चांगल्या छायाचित्रांत कांठाला झालर लावल्यासारखी दिसते. चिलटाच्या पंखांवर खवले नसतात. शिवाय तें आपले पंख उतरत्या छपरासारखे धरतें, आणि कित्येकदां पोटाचें टोंक पंखांच्या बाहेर आलेलें असतें.

चौथी खूण पाठीची. चिलटाच्या छातीचा उंचवटा पुढें येऊन डोक्यावर झुकलेला असतो, त्यामुळें डोकें खालीं दबल्यासारखें वाटतें.

पिसासारख्या मिशांची खूण पुष्कळ लोक सांगतात. तिनें मात्र फसगत होते. चिलटाच्या नराच्या मिशा पिसाप्रमाणें झुबकेदार असतात हें खरें. परंतु डांसाच्या नराच्याही तशाच असतात. मिशांवरून नर कोणता तें कळेल; कुळ कोणतें तें कळणार नाहीं. तसेंच पायांवरील पांढऱ्या पट्ट्यांचें. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डांसाच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात हें आतां शाळेंतील मुलेंही जाणतात. पण चिलटांच्या कांहीं जातींचे पायही पट्टेदार असतात. म्हणून आधीं सोंड पाहावी, मग पट्टे.

छायाचित्र कसें घ्यावें

पुष्कळ छायाचित्रें निरुपयोगी ठरतात, तीं घेणाराच्या उतावळेपणामुळें. कीटक भिंतीवर बसला असतां एक छायाचित्र वरून व एक बाजूनें, अशीं निदान दोन घ्यावीं. बाजूच्या छायाचित्रांत सोंड आणि पाय दिसतात, वरच्यांत पंख दिसतात. शक्य झाल्यास शेजारीं मोजपट्टी किंवा एखादें नाणें धरावें, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. चापट मारून चिरडलेल्या कीटकाचें छायाचित्र पाठवून नांव विचारूं नये. फाटलेल्या पानावरचा श्लोक लावण्यासारखेंच तें आहे. दिव्याखालीं मेलेलें चिलट पांढऱ्या कागदावर ठेवून घेतलेलें छायाचित्र कित्येकदां जिवंतापेक्षां चांगलें येतें. आणि त्याजबरोबर गांव, तारीख, वेळ व जवळ कोणतें पाणी आहे, इतकें लिहिलें, तर त्या छायाचित्राची किंमत दुप्पट होते.

जेथें थांबावयाचें

इतकें झाल्यावर लोक विचारतात, “बरें, चिलट ठरलें, पण याचें नांव काय?” येथें मात्र हात जोडावे लागतात. या कुळांत जातीजातींतील भेद बहुधा नराच्या पोटाच्या अगदीं टोंकाशीं असलेल्या जननावयवांत असतो. तो भाग कांचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो, किंवा अलीकडील पद्धतीप्रमाणें त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा वाचावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं कीफर या युरोपीय विद्वानानें हिंदुस्थानांतील पुष्कळ जातींचीं वर्णनें केलीं, तीं हातीं आलेल्या नमुन्यांवरून. पुढें बंगालांत बर्दवान विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं हें काम चालविलें, तेंही नमुने व सूक्ष्मदर्शक यांच्याच आधारें. उत्तम छायाचित्रांत पुढच्या पायाची नडगी व तिच्या खालचा पहिला सांधा यांची लांबी मोजतां आली, तर उपकुळाचा अंदाज करतां येतो. हा सांधा नडगीहून लांब असला, तर तें चिलट बहुधा कायरोनोमसाच्या उपकुळांतील. त्यापलीकडे जाणें बहुतेक वेळां धाडसाचें होतें.

संस्कृत शिकणाऱ्या मुलांस हें सहज समजेल. ‘रामाभ्याम्’ हें रूप समोर आलें, तर तें द्विवचन आहे हें निःसंशय सांगतां येतें. परंतु तृतीया, चतुर्थी कीं पंचमी, हें वाक्य पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. आणि जो विद्यार्थी वाक्य न पाहतां “तृतीया” असें ठोकून देतो, त्याचें उत्तर चुकून बरोबर आलें तरी त्याला गुण देऊं नयेत. आजकाल संगणकाची कृत्रिम बुद्धि छायाचित्र पाहून क्षणांत लांबलचक लॅटिन नांव पुढें करते. तिचें साह्य अवश्य घ्यावें. पण तीही पुष्कळदां वाक्य न पाहतांच विभक्ति सांगते, हें विसरूं नये. “कुळ ठरलें, जात ठरत नाहीं” असें म्हणणाराचें ज्ञान उणें नसतें. त्याला आपल्या ज्ञानाची सीमा माहीत असते. सुदैवाची गोष्ट ही कीं गृहस्थाला जें उत्तर हवें असतें, तें या सीमेच्या अलीकडेच सांपडतें. चिलटाचें लॅटिन नांव कळलें नाहीं म्हणून घरांत कोणी आजारी पडत नाहीं.

ज्याला चिलट समजूं नये

आतां मुख्य गोष्ट. चिलटाला डांस समजलें तर थोडे पैसे व थोडें विष वायां जाईल. परंतु जें चिलट नाहीं त्याला चिलट समजून सोडून दिलें, तर त्याचा परिणाम भयंकर होऊं शकतो. आपल्या विदर्भांत हें विशेष ध्यानांत ठेवावयास पाहिजे.

सन १९६५ मध्यें नागपूरकडील चांदीपुरा येथें तापाच्या रुग्णांच्या रक्तांतून एक नवा विषाणु वेगळा करण्यांत आला, आणि त्या गांवाचेंच नांव त्यास मिळालें. पुष्कळ वर्षें त्याकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें. पुढें २००३ सालीं आंध्र प्रदेशांत या विषाणूच्या सांथींत ३२९ मुलें मेंदूच्या विकारानें आजारी पडलीं व त्यांपैकीं १८३ दगावलीं. २००७ सालीं आपल्या नागपूर विभागांतही मुलांत ही सांथ आली. एकाएकीं जोराचा ताप, वांत्या, झटके आणि बेशुद्धि, असा तिचा क्रम असतो. एक-दोन दिवसांतच मूल हातचें जातें. असें लक्षण दिसतांच घरगुती उपायांत एक घटकाही न दवडतां मुलास मोठ्या रुग्णालयांत न्यावें.

हा विषाणु पसरविणारा कीटक म्हणजे वाळूमाशी. ती डांसाहून पुष्कळ लहान, सुमारें तीन मिलिमीटर लांब, मातकट रंगाची व केंसाळ असते. तिचा आवाज होत नाहीं. ती फार उंच उडत नाहीं, टुणटुण उड्या मारीत जाते. “बारीक चिलट आहे, काय करणार?” असें म्हणून लोक तिला सोडतात, तें याचमुळें. छायाचित्रांत तिची खूण एकच, पण बिनचूक : बसली असतां ती दोन्ही पंख पाठीवर उभे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें धरते. चिलट पंख असे कधींही धरीत नाहीं. न्हाणीघराच्या भिंतीवर बदामाच्या आकाराची, केंसाळ पंखांची जी लहान माशी दिसते ती वाळूमाशीच्याच कुळांतली. पण ती आपले पंख छपरासारखे पसरून बसते आणि चावत नाहीं. पंख उभे कीं पसरलेले, एवढ्या एका गोष्टीवर निर्धास्त राहावयाचें कीं सावध व्हावयाचें, तें ठरतें.

ओळख पटल्यावर उपायही वेगवेगळे होतात. वाळूमाशी पाण्यांत वाढत नाहीं. तिच्या अळ्या गोठ्यांतील ओलसर मातींत, शेणकचऱ्यांत व मातीच्या भिंतींच्या भेगांत वाढतात. म्हणून भेगा लिंपणें, गोठा कोरडा व झाडलेला ठेवणें आणि मुलांस बारीक जाळीच्या मच्छरदाणींत निजविणें हा तिच्यावर उपाय. डेंग्यूचा डांस घरांतल्याच साठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यांत घरोघरीं कूलर चालतात आणि पावसाळ्यांत ते पाण्यासकट तसेच पडून राहतात. तो कूलर, पिंपें आणि कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यांतून एकदां रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्या. आणि चिलट असेल तर? खिडकीजवळचा दिवा मालवावा, जाळी लावावी, बस्स. गच्चीवरील टाकींत लाल अळ्या दिसल्या तर पोटांत जंत होतील म्हणून घाबरूं नये. चिलटानें उघड्या टाकींत अंडीं घातलीं इतकाच त्याचा अर्थ. टाकी धुवावी व झांकण घट्ट बसवावें.

चिलट अगदींच निरुपद्रवी आहे, असें मात्र म्हणवत नाहीं. सुदानांत नाईल नदीकांठीं चिलटांच्या थव्यांमुळें लोकांस दम्याचा विकार होत असल्याचें आढळलें आहे. मेलेल्या चिलटांची भुकटी श्वासांत गेल्यानें हा त्रास होतो. ज्यांच्या घरीं कोणास दमा आहे, त्यांनीं सकाळीं दिव्याखालचा ढीग कोरड्या केरसुणीनें न उडवितां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावा.

पाण्याची वार्ता

एका गोष्टीसाठीं आपण या मुक्या जीवाचे आभार मानावयास हवेत. पाण्यांतील किड्यांवरून नदीची प्रकृति ओळखण्याची एक पद्धति ब्रिटनांत तयार झाली. तींत निर्मळ, वाहत्या पाण्यांतच जगणाऱ्या कुळांस दहापर्यंत गुण देतात. चिलटाच्या कुळास दोनच मिळतात. स्वच्छ पाण्यांत चिलटाची अळी नसते असें नाहीं. तेथें ती इतर पुष्कळ किड्यांबरोबर असते. पण इतर सारे गेले आणि लाल अळ्याच तेवढ्या राहिल्या, तर त्या पाण्यांतला प्राणवायु संपत आला, असें समजावें. पुण्याचे स्तंभ ही एका अर्थानें मुळा-मुठेनें पाठविलेली वार्ता होती. धूर फवारून वार्ताहर मरतो. वार्ता खोटी ठरत नाहीं. शिवाय त्या विषानें चिलटें खाणारे मासे, पाकोळ्या व वटवाघळें यांचेंही नुकसान होतें.

आमच्या आष्टीजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. गांवोगांव नाले व तळीं आहेत. प्रत्येक गांवीं अशीं पाणीं असतातच. दिवाळीच्या सुटींत घरीं आलेल्या मुलांस एक काम सांगावें. रोज संध्याकाळीं दिव्याजवळ बसलेल्या एका कीटकाचें वरून व बाजूनें छायाचित्र घ्यावें. वहींत तारीख लिहावी. सोंड आहे कीं नाहीं, पंख कसे, पाय कोणते उचललेले, हें टिपावें. आणि शेवटीं डांस, चिलट, वाळूमाशी किंवा ‘ठरत नाहीं’ यांपैकीं एक शब्द लिहावा. महिन्याअखेर ‘ठरत नाहीं’ या रकान्यांत कांहीं नोंदी असल्या, तर वही प्रामाणिकपणें लिहिली गेली आहे असें समजावें. आणि वाळूमाशीच्या रकान्यांत एक जरी नोंद आली, तरी दुसऱ्याच दिवशीं भिंतींच्या भेगा लिंपावयास घ्याव्या.